सुखाने बसणं : नसेचं दुखणं आणि बैठकीचा विचार



सुरुवातीलाच एक परवानगी मागून घेतो. या तासाभरात आम्ही दोन-तीनदा खुर्चीवरून उठू, थोडा वेळ टेबलाला टेकून उभे राहू आणि पुन्हा बसू. त्याचा संबंध आजच्या विषयाशी आहे, आणि आमच्या डाव्या पायाशीही आहे. हीच परवानगी तुम्हालाही आहे. ज्याला उठावंसं वाटेल त्याने उठावं, मागे भिंतीशी उभं राहावं, दोन पावलं चालावं. व्याख्यान कंटाळवाणं झालं म्हणून तुम्ही उठलात, असा अर्थ आम्ही काढणार नाही. निदान आज तरी नाही.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने खुर्ची आणि बैठक या विषयावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आमच्या शास्त्रात खुर्ची हे फार जुनं उदाहरण आहे. ‘समोरची खुर्ची खरोखर आहे हे कशावरून?’ हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं वर्गात विचारला. तेव्हा खुर्चीकडे आम्ही फक्त बघत होतो. नस दुखायला लागल्यावर तिच्यावर बसणं म्हणजे काय, हे कळलं. आपण डॉक्टर नाही, हेही आधीच सांगून टाकतो. निदान डॉक्टरांनी करायचं, व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवायचे. पण दिवसाचे जे आठ-दहा तास आपण कुठे ना कुठे बसलेले असतो, त्यांचा विचार ज्याचा त्यालाच करावा लागतो. तो कसा करायचा, एवढंच आज बघू.

आधी नसेचं दुखणं इतर दुखण्यांपेक्षा वेगळं का, ते समजून घेऊ. काटा टोचला, बोट भाजलं, गुडघा सुजला, की दुखण्याची बातमी इजा झाली तिथून निघते आणि नस, म्हणजे मज्जातंतू, ती मेंदूकडे पोचवते. इथे नस ही टपालवाल्यासारखी आहे. नसेच्या दुखण्यात टपालवालाच आजारी पडतो. पत्र कुणी लिहिलेलं नसतं, तरी तो वेळीअवेळी दारात येऊन हाका मारतो. म्हणून पोटरीत आग होते आणि पोटरी तपासली तर तिथे काहीच सापडत नाही. दोष असतो वर, कमरेत. म्हणून एकच जागा बधिरही असते आणि दुखतही असते, जे ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. कुणाला करंट लागल्यासारखं होतं, कुणाला मुंग्या येतात, तर कुणाला पायजम्याचा नुसता स्पर्शही सोसत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये एक गोष्ट स्पष्ट केली : माणूस ‘मला दुखतंय’ असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. नसेचं दुखणं बाहेरून दिसत नाही, सूज नाही, पट्टी नाही. अशा रुग्णांसाठी हे वाक्य औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता बसण्याकडे येऊ. आपल्याकडे सर्वांत ओळखीचं दुखणं म्हणजे सायटिका. चरकसंहितेत गृध्रसी नावाचा वातविकार सांगितला आहे, तो कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरतो. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि त्रिकास्थीतून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन ती बनते, कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीच्या मागच्या बाजूला उतरते आणि पुढे पायापर्यंत तिच्या शाखा जातात. या रस्त्यावर ती दोन-तीन ठिकाणी अडचणीत येऊ शकते. मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, ती सरकून मुळीवर दाब येऊ शकतो. वय वाढतं तसा कण्यातला मार्गच अरुंद होऊ शकतो. कधी कुल्ल्यापाशी बाहेरूनच दाब येतो. पाठीमागच्या खिशातलं जाडजूड पाकीट हे त्याचं इतकं ठळक कारण आहे, की १९७८ सालीच अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं गेलं. इथे बसलेल्या पुरुषमंडळींनी जरा आपला मागचा खिसा चाचपावा.

आणि आता मुख्य मुद्दा. आम्ही सकाळी ज्या बागेत फिरायला जातो तिथे दोन गृहस्थ येतात. पहिल्यांच्या कण्यातला मार्ग अरुंद झालेला आहे. ते अर्धी फेरी चालतात, पाय जड होतात, पेटतात. मग बाकावर बसतात, पुढे वाकून कोपरं गुडघ्यांवर टेकवतात, आणि दोन-तीन मिनिटांत त्यांना हुशारी येते. पुढे वाकलं की तो मार्ग थोडा मोकळा होतो, म्हणून. चालवत नाही, पण सायकल मारता येते. बाजारात सामानाच्या गाडीवर वाकून ढकलत हवं तितकं फिरता येतं. दुसऱ्यांची गादी सरकलेली. त्यांना चालताना बरं वाटतं. बाकावर बसले, त्यातून पुढे वाकून बसले, की पाचव्या मिनिटाला कळ थेट घोट्यापर्यंत. पहिले दुसऱ्यांना सांगतात, ‘अहो, बसा जरा, वाका पुढे, बघा कसं मोकळं वाटतं.’ दुसरे पहिल्यांना सांगतात, ‘बसू नका हो, चालत राहा, मागे वाका.’ दोघेही प्रामाणिक, दोघांचाही अनुभव खरा. आणि दोघांचा सल्ला समोरच्याला बरोबर उलटा.

तिसरा प्रकार आहे, त्याबद्दल लोक बोलायला लाजतात. ओटीपोटाच्या तळाशी, बैठकीच्याच जागेत, प्युडेंडल नावाची नस आहे. तिचं दुखणं असेल तर बसणं हेच दुखण्याचं मूळ होतं. उभं राहिलं, आडवं झालं की उतरतं. नवल म्हणजे यातल्या पुष्कळांना कमोडच्या सीटवर बसलं तर कमी त्रास होतो, कारण तिथे मधल्या भागावर भार येत नाही. मधला भाग कापलेली उशी घ्या, असं सांगतात त्यामागे हेच तत्त्व.

म्हणजे ‘नसेच्या दुखण्यात कसं बसावं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाच्या नसेच्या, कुठे दबलेल्या, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पण आपल्याला तर एकच उत्तर लहानपणापासून पाठ आहे : ताठ बस. शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट आणि पाठ ताठ. ताठ बसणारा मुलगा गुणी, पोक काढणारा आळशी. बसणं हा आपण शिस्तीचा, म्हणजे नीतीचा विषय करून टाकला. त्याचा परिणाम असा, की सत्तरीत कंबर दुखली तरी माणसाला अपराधी वाटतं. ‘आयुष्यभर नीट बसलो नाही, त्याची ही शिक्षा.’

विज्ञान काय म्हणतं बघा. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये नाकेमसन नावाच्या अस्थिशल्यविशारदाने माणसांच्या कमरेतल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना दाब १०० धरला, तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४०च्या घरात जातो, असं त्यांना आढळलं. त्यावरून बसणं वाईट, बसायचंच तर ताठ, असा समज जगभर पसरला. पुढे १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी नव्या उपकरणाने पुन्हा मोजमाप केलं. एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून त्याचा उठण्या-बसण्या-झोपण्याचा सगळा दिवस नोंदवला. तेव्हा असं दिसलं की सैल बसल्यावरचा दाब उभं असतानाच्या दाबाहून फारसा वेगळा नाही, आणि खुर्चीत मागे रेलून ऐसपैस पसरल्यावर तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे ज्या बसण्याला आपले मास्तर डस्टर फेकून मारायचे, ते! हे मोजमाप एकाच माणसाचं होतं, म्हणून त्यावरून सर्वांसाठी नवा नियम करायचा नाही. पण जुना नियम काही ईश्वरदत्त नव्हता, एवढं त्यातून कळतं.

आता आपल्या घरातलं एक उदाहरण. योगसूत्रांमध्ये पतंजलीने आसनाची व्याख्या केली आहे. त्यात त्याने दोनच गोष्टी मागितल्या आहेत : स्थैर्य आणि सुख. कुठल्याही एका आसनाचं नाव सूत्रात नाही. आणि लगेच पुढच्या सूत्रात तो सांगतो की हे साधतं ते प्रयत्न शिथिल केल्याने. व्यासभाष्यात मग आसनांची यादी येते, पद्मासन, वीरासन वगैरे. त्या यादीत ‘सोपाश्रय’ नावाचं एक आसन आहे. सोपाश्रय म्हणजे आधार घेऊन बसणं! आणि यादीच्या शेवटी भाष्यकार म्हणतो की जसं सुखाचं वाटेल तसं, हेही आसनच. आमच्या मते ज्याची नस दुखते त्याच्यासाठी हा केवढा दिलासा आहे. लोडाला टेकून बसणारा, कमरेमागे उशी घेणारा माणूस योगातून बाद होत नाही. त्याचं नाव यादीत आहे.

मात्र ‘स्थिर’ या शब्दाने फसायचं नाही. गॉर्डन ह्यूज नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या लोकांच्या बसण्या-उभं राहण्याच्या रीती गोळा केल्या. १९५७ साली त्याने लिहिलं की मानवी शरीराला साधारण एक हजार वेगवेगळ्या स्थिर स्थिती घेता येतात. आपल्याकडेच बघा : मांडी घालून, उकिडवं, एक गुडघा उभा करून, पाय एका बाजूला दुमडून, पाटावर, उंबऱ्यावर, ओट्यावर, झोपाळ्यावर. निरोगी माणूस या स्थिती नकळत बदलत असतो. एका जागी भार राहिला की तिथल्या नसेचा रक्तपुरवठा कमी होतो, मुंग्या येतात आणि आपण चुळबुळ करतो. चुळबुळ हा शरीराचा शहाणपणा आहे. दुखण्यात माणूस भीतीने ही चुळबुळ थांबवतो. जरा बरी जागा सापडली, आता हलायचं नाही, म्हणून आखडून बसतो. तासाभराने तीच बरी जागा वैरीण होते.

आम्हीही हे केलं. शेवटचा उपाय म्हणून एक महागडी खुर्ची आणली. दुकानात पाच मिनिटं बसून पाहिली, स्वर्गसुख. घरी चाळिसाव्या मिनिटाला पायात वीज. दोष खुर्चीचा नव्हता. पाच मिनिटं कुठलीही खुर्ची चांगलीच असते. आणि आम्ही ठरवलं होतं की एवढे पैसे दिलेत तर आता हिच्यातून उठायचं नाही. तेव्हा आज जे सांगायचं आहे ते एका वाक्यात हे : योग्य बैठक नावाची एक वस्तू नसते, आपल्याला झेपतील अशा तीन-चार बैठका असतात आणि त्यांच्यात वेळेवर केलेली अदलाबदल असते.

मग करायचं काय? पहिलं, आपली दिशा ओळखायची. पुढे वाकल्याने बरं वाटतं की मागे रेलल्याने? बसल्याने की चालल्याने? याचं उत्तर कधीकधी अनपेक्षित असतं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला १९५६ साली रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला. त्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचा डोक्याकडचा भाग चुकून उचललेला राहिला होता. तो तसाच, कमरेतून मागे वाकलेला पडून राहिला. मॅकेंझी घाईने आले तर रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली! तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ती स्थिती वाईट होती. यातून एक उपयोगी खूण मिळाली : दुखणं पायातून वर सरकून कमरेकडे येत असेल तर ती स्थिती बहुधा मानवणारी, कमरेतून खाली पावलाकडे उतरत असेल तर ती सोडा. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पाय मोकळा होतोय का ते बघा.

दुसरं, वही. आठवडाभर लिहा : कशावर बसलो, किती मिनिटांनी सुरू झालं, कुठे दुखलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. उशी, खुर्ची आणि गोळी एकाच दिवशी बदलली तर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

तिसरं, घड्याळ. विसाव्या मिनिटाला कळ सुरू होत असेल तर बाराव्या-पंधराव्या मिनिटाला उठा. दुखलं म्हणून उठायचं नाही, वेळ झाली म्हणून उठायचं. दुखेपर्यंत थांबलं की नस चिडते आणि शांत व्हायला फार वेळ घेते. स्वयंपाकघरातला टायमरही चालतो.

चौथं, खुर्ची. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट घ्या. कुल्ले गुडघ्यांपेक्षा किंचित वर असलेले बरे. म्हणून खोल, मऊ सोफा पुष्कळांना बाधतो. खुर्चीची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटं जागा हवी, नाहीतर कडेचा दाब येतो. कमरेच्या बाकाला पंचाची वळकटी. मात्र ज्यांना पुढे वाकून बरं वाटतं त्यांनी ती सक्तीने लावून घेऊ नये. हात असलेली खुर्ची घ्या, उठताना भार हातांवर देता येतो. पायावर पाय टाकून फार वेळ बसू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस अगदी कातडीखाली आहे, ती दबते. मधुमेहींनी हे विशेष जपावं, कारण त्यांना मुंग्यांची सूचना उशिरा मिळते.

आणि झोपाळा विसरू नका. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पाठदुखी होती, डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी त्यांना डोलणारी खुर्ची वापरायला सांगितली. तत्त्व साधं आहे, बसल्या बसल्या शरीर हलतं राहतं. पायाने हलका रेटा देत झोपाळ्यावर बसणाऱ्या आपल्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

एक इशारा मात्र गंभीरपणे ऐका. लघवी-शौचावरचा ताबा अचानक सुटला किंवा लघवी अडली, घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तो भाग बधिर झाला, किंवा पाऊल उचलता येईना, तर उशी शोधत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. मराठीत ‘बसणं’ म्हणजे फक्त खुर्चीवर बसणं नव्हे. उठबस म्हणजे माणसांतला वावर. बैठक म्हणजे गाण्याची मैफल, बैठक म्हणजे सभा, बैठक म्हणजे विचाराचा पायाही. ‘या, बसा’ हे आपलं स्वागत. ज्याला बसता येत नाही तो या सगळ्यातून हळूहळू बाहेर पडतो. आमचे एक सहकारी होते. दर महिन्याला आम्ही पाच-सहा जण एकत्र बसून काहीतरी वाचत असू. ते यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, कशावरून तरी रागावले. दोन वर्षं आम्ही कुणी विचारलं नाही. मग एका लग्नात ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे दिसले. म्हणाले, ‘सर, मला अर्धा तास बसता येत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायची लाज वाटली.’ दोन वर्षं! आणि उपाय काय होता? एक उंच टेबल, ज्याच्याशी उभं राहून वाचता येईल. दुसऱ्या महिन्यापासून ते येऊ लागले. पुढे आमच्यावर वेळ आली तेव्हा ते टेबल आम्हालाही उपयोगी पडलं.

म्हणून ज्यांना दुखतं त्यांना विनंती, की सांगा. कडेची खुर्ची मागून घ्या, पंगतीत टेबल मागा, पूजेला खुर्चीवर बसा. देवाला चालतं, भाष्यकारालाही चालतं. आणि ज्यांना दुखत नाही त्यांना विनंती, की एखादा मध्येच उठला तर मागे वळून बघू नका. कार्यक्रम ठरवताना मागे चार माणसांना उभं राहण्याइतकी जागा आणि हात असलेल्या दोन खुर्च्या ठेवा. याला खर्च काहीच नाही.

आमची वेळ झाली, व्याख्यानाची आणि पायाचीही. प्रश्न असतील तर जरूर विचारा; उत्तरं मात्र आम्ही उभ्याने देऊ.